सेंट्रल पार्कमधली घोडागाडीची फेरी: कशी ठरवावी, घोडा कसा पाहावा, पैसे कसे बोलावेत

न्यूजर्सीत किंवा न्यूयॉर्कमध्ये मुलाकडे-मुलीकडे आलेल्या आई-वडिलांना मॅनहॅटन दाखवायचं ठरलं की सेंट्रल पार्कमधली घोडागाडी यादीत हमखास येते. गेटवेला किंवा नरिमन पॉइंटला व्हिक्टोरियात बसलेल्या पिढीला तिचं आकर्षण जास्तच असतं. फेरी वीस ते पन्नास मिनिटांची असते. खर्च मात्र चौघांच्या चांगल्या जेवणाइतका होतो. ती सुखाची होणार की मनाला लागून राहणार, हे बहुतेक सगळं पायरीवर पाय ठेवण्याआधीच ठरतं. त्यामुळे या लेखाचा मोठा भाग बसण्याआधीच्या कामांवर आहे, आणि त्यातही घोडा पाहण्यावर.

आधी हे ठरवा: बसायचं का?

मुंबईतल्या हौसेच्या व्हिक्टोरिया उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या. घोड्यांचे हाल आणि विनापरवाना तबेले हे त्यातले मुख्य मुद्दे होते. न्यूयॉर्कमध्ये तोच वाद अजून चालू आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये रायडर नावाचा घोडा भर उन्हाळ्यात नाइन्थ अ‍ॅव्हेन्यूवर कोसळला, आणि घोडागाड्या बंद करण्याच्या प्रस्तावित कायद्याला त्याचंच नाव मिळालं. उद्यानाची देखभाल करणाऱ्या सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सीने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीला पाठिंबा दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये शहर परिषदेच्या आरोग्य समितीने तो प्रस्ताव फेटाळला. गाडीवानांची कामगार संघटना बंदीच्या ठाम विरोधात आहे. हे चित्र बदलू शकतं, म्हणून जायच्या आठवडाभर आधी बातम्या पाहून घ्या.

आमचं मत स्पष्ट आहे. थंड किंवा सौम्य दिवस, उद्यानाच्या आतलाच रस्ता आणि स्वतः पाहून निवडलेला तब्येतीचा घोडा, या तिन्ही गोष्टी जमत असतील तर बसायला हरकत नाही. यातली एक जरी जमत नसेल तर बसू नका. उद्यानाचा दक्षिण भाग पायी फिरूनही तितकाच सुंदर आहे. घरात कुणाला ही कल्पनाच पटत नसेल, तर त्या माणसाला आग्रह करून चढवू नका.

घोड्याचे नियम माहीत असले की दिवस निवडणं सोपं जातं

शहराने ६८ गाड्यांना परवाने दिले आहेत आणि घोडे साधारण दोनशे आहेत. त्यांचे तबेले मॅनहॅटनच्या पश्चिम बाजूला, हडसन नदीच्या अंगाला आहेत. घोडा रोज तिथून शहराच्या रहदारीतून चालत उद्यानात येतो. म्हणजे तुमच्या फेरीआधीच त्याचं थोडं काम झालेलं असतं. नियमानुसार घोड्याला चोवीस तासांत नऊ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. दर दोन तासांनी किमान पंधरा मिनिटांची विश्रांती आणि वर्षातून किमान पाच आठवडे शहराबाहेर कुरणावर सुट्टी द्यावी लागते.

प्रवाशाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा नियम हवामानाचा. तापमान ९० अंश फॅरनहाइट (सुमारे ३२ सेल्सियस) किंवा त्याहून जास्त झालं की गाड्या थांबतात. १८ अंश फॅरनहाइट (उणे ८ सेल्सियस) किंवा त्याखाली गेलं तरी थांबतात. अलीकडे आणखी एक हिशेब आला आहे. तापमान ८० अंश किंवा वर असेल, तर फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज करायची. बेरीज १५० किंवा जास्त आली की काम बंद. हे गणित फोनवरच्या हवामानाच्या आकड्यांवरून तुम्हीही करू शकता. तापमान ८४ आणि आर्द्रता ६८ टक्के असेल तर बेरीज १५२, गाड्या बंद. तापमान तेच आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर १४४, गाड्या चालू.

आर्द्रता मोजण्याचं कारण साधं आहे. घोडा अंग थंड ठेवतो तो मुख्यतः घामाने, आणि दमट हवेत घाम वाळत नाही. मुंबईच्या मे महिन्याची आठवण असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. बेरीज १४४ आली म्हणजे घोडा मजेत आहे असा अर्थ मात्र होत नाही. तो फक्त कायद्याच्या आत आहे. आमची शिफारस अशी की बेरीज १३० च्या वर असेल तर नियमाची वाट न पाहता बेत पुढे ढकला.

यावरून ऋतू आपोआप ठरतो. सगळ्यात चांगले दिवस दोन वेळा येतात. एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेअखेरपर्यंत चेरीची झाडं आणि कोवळी पालवी असते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पानं रंग बदलतात. जुलै-ऑगस्टमध्ये जायचंच असेल तर सकाळची वेळ धरा, पण सकाळी आर्द्रता जास्त असते, त्यामुळे बेरीज करूनच निघा. थँक्सगिव्हिंगपासून नववर्षापर्यंत सगळ्यात जास्त गर्दी असते. रांगा लागतात, घासाघीस चालत नाही आणि घोड्यांना उसंतही कमी मिळते. त्या काळात जायचं असेल तर आठवड्याच्या मधला वार आणि सकाळ निवडा.

दिवस पक्का करण्याआधी उद्यानातल्या शर्यतीही तपासा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होणारी न्यूयॉर्क मॅरेथॉन याच उद्यानात, टॅव्हर्न ऑन द ग्रीनजवळ संपते. त्या आठवड्यात आतले रस्ते अडवलेले असतात. वर्षभर शनिवार-रविवारी सकाळी छोट्या शर्यतीही चालू असतात.

पोहोचायचं कुठे

गाड्या पूर्वी ५९व्या रस्त्याच्या कडेला, मोटारींच्या गर्दीत उभ्या असायच्या. २०१९ पासून त्यांच्या जागा उद्यानाच्या आत, दक्षिणेकडच्या प्रवेशद्वारांजवळ आहेत: फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावरचा ग्रँड आर्मी प्लाझा आणि सिक्स्थ व सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूची तोंडं.

वयस्कर मंडळी बरोबर असतील तर ५९ स्ट्रीट–कोलंबस सर्कल हे सबवे स्टेशन घ्या. तिथे लिफ्ट आहे आणि ए, बी, सी, डी व १ या गाड्या थांबतात. न्यूजर्सी ट्रान्झिटने पेन स्टेशनला उतरलात तर तिथूनच १, ए किंवा सी ही गाडी मिळते. पोर्ट अथॉरिटीला बसने आलात तर ४२व्या रस्त्यावरून ए धरा, पुढचंच स्टेशन कोलंबस सर्कल. तिथून सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूचं प्रवेशद्वार पूर्वेला एक लांब ब्लॉक चालल्यावर येतं. स्टेशनसमोरच्या मॉलमध्ये स्वच्छतागृह आहे. गाडीत बसण्याआधी तिथे जाऊन या, कारण फेरीत मध्येच थांबून सोय शोधणं म्हणजे मिनिटांचे पैसे मोजणं.

फुटपाथवर हातात लॅमिनेट केलेली चित्रं घेऊन उभे असलेले लोक "कॅरेज टूर" विचारत येतील. त्यातले बरेचजण सायकलरिक्षाचे असतात. सायकलरिक्षा वाईट नाही, पण तिथे हिशेब दर मिनिटाचा असतो आणि दहा मिनिटांनंतरची रक्कम ऐकून माणूस उभ्या जागी गप्प होतो. घोडागाडी हवी असेल तर मध्यस्थाशी न बोलता सरळ गाड्यांच्या रांगेकडे जा.

पैशांचा हिशेब

शहराने दर ठरवून दिला आहे आणि तो गाडीवर लावणं सक्तीचं आहे. पद्धत अशी: पहिल्या २० मिनिटांचा एक आकडा आणि त्यापुढच्या प्रत्येक १० मिनिटांचा दुसरा. गेल्या काही वर्षांत हे आकडे ७२.२२ डॉलर आणि २८.८९ डॉलर असे होते. ते वेळोवेळी वाढतात, म्हणून फलक स्वतः वाचा. या आकड्यांनी ४० मिनिटांचे १३० डॉलर होतात आणि ५० मिनिटांचे १५८.८९. वर बक्षिसी साधारण १५ ते २० टक्के धरा. म्हणजे ४० मिनिटांची फेरी सगळं धरून १५० ते १५६ डॉलरच्या घरात जाते.

दर गाडीचा असतो, माणशी नसतो. गाडीत चार मोठी माणसं बसतात आणि लहान मूल मांडीवर चालतं. सहाजण असाल तर दोन गाड्या करा. "बसा हो, जुळवून घेऊ" असं कुणी म्हणालं तर ती गाडी सोडा. प्रत्येक जादा माणूस म्हणजे घोड्यावर साठ-सत्तर किलो जास्त, आणि चढावर ते त्याच्या खांद्यात दिसतं.

बोलणी करताना चार गोष्टी नक्की विचारा आणि उत्तर आकड्यात घ्या:

१. पूर्ण गाडीचे इतक्या मिनिटांचे किती?
२. वेळ कधी सुरू होते, बसल्यावर की गाडी हलल्यावर? फोटोसाठी थांबलो तर तो वेळ मोजतात का?
३. कार्डाने दिले तर जादा आकार आहे का?
४. रस्ता कुठून कुठे, आणि उद्यानाच्या बाहेर जाणार नाही ना?

उत्तरं पटली की मोबाइलवर घड्याळ गाडीवानाच्या देखत लावा. यात अपमानाचं काही नाही. चांगला गाडीवान स्वतःच वेळ सांगतो.

आगाऊ बुकिंगचा फायदा डिसेंबरमध्ये आणि मागणी घालण्यासारख्या खास प्रसंगी आहे. एरवी सरळ रांगेत जाणं बरं, कारण आगाऊ बुकिंगमध्ये कोणता घोडा मिळणार ते तुमच्या हातात राहत नाही. बुकिंग केलंच तर उष्म्यामुळे घोडे थांबवले तर पैसे परत मिळतात की फक्त तारीख बदलून मिळते, हे लेखी घ्या. खासगी संकेतस्थळांचे दर शहराच्या दरापेक्षा पुष्कळदा चढे असतात, तेव्हा दोन्ही आकडे ताडून पाहा.

घोडा पाहणं

याला पाच मिनिटं द्या. रांगेतल्या पहिल्याच गाडीत बसायची सक्ती नाही. घोड्यापासून दोन-अडीच मीटर अंतर ठेवून, त्याच्या डाव्या पुढच्या बाजूला, त्याला दिसाल असे उभे राहा. मागून जाऊ नका. घोड्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त शेपटीमागचं आणि नाकासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. त्यात डोळ्यांच्या बाजूला झापडं असतात. मागून अचानक आलेला माणूस त्याला कळत नाही आणि लाथ तिथूनच येते.

पहिल्यांदा उभं राहणं पाहा. मागचा एक पाय सैल करून, खुराचं टोक जमिनीला टेकवून घोडा उभा असेल तर तो लंगडा आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं, तो विश्रांतीचा पवित्रा आहे. थोड्या वेळाने तो पाय बदलेल. काळजी पुढच्या पायाची करा. पुढचा पाय सतत पुढे काढून त्यावरचा भार टाळत असेल तर खुरात किंवा सांध्यात दुखणं असू शकतं.

मग रांगेत येणाऱ्या गाडीचा घोडा चालताना पाहा. तब्येतीचा घोडा चालताना डोकं एका लयीत हलवतो. पुढच्या पायाने लंगडणारा घोडा दुखरा पाय टेकताच डोकं झटक्याने वर उचलतो आणि चांगल्या पायावर खाली आणतो. हे एकदा डोळ्यांत बसलं की लांबूनही ओळखता येतं. टापांचा आवाजही ऐका. चालीत चार ठोके सारख्या अंतराने पडायला हवेत.

श्वास मोजा. बरगड्यांच्या मागे, मांडीच्या पुढे जो खळगा असतो तो प्रत्येक श्वासाला वर-खाली होतो. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणा. विसावलेल्या मोठ्या घोड्याचा श्वास मिनिटाला ८ ते १६ असतो, म्हणजे पंधरा सेकंदांत दोन ते चार. नुकताच फेरीवरून आलेला असेल तर जास्त येईल, पण दहा मिनिटांत उतरायला हवा. उभं राहूनही नाकपुड्या फुगलेल्या, पोट आत-बाहेर होतंय आणि मान खाली, असं असेल तर त्या घोड्याला विश्रांती हवी आहे. घोडा माणसासारखा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो. म्हणून नाकपुड्या इतकं सांगून जातात.

घामाचं थोडं बारकाईने पाहा. पट्ट्यांखाली ओलसर असणं साहजिक आहे. मागच्या दोन पायांमध्ये किंवा पट्ट्यांच्या कडेला पांढरा फेस असेल तर काम जड झालंय. कडक उन्हात अंग पूर्ण कोरडं आणि श्वास जोरात, ही मात्र धोक्याची खूण आहे, कारण त्या घोड्याला घामच येत नाहीये.

अंगावर मांस किती आहे ते बरगड्यांवरून कळतं. हात लावला तर त्या जाणवाव्यात, पण लांबून एकेक मोजता येऊ नयेत. पाठीचा कणा उंच आणि पुठ्ठ्याची हाडं टोकदार दिसत असतील तर घोडा खंगलेला आहे. हिवाळ्यात केस दाट वाढल्यामुळे हे लपतं, तेव्हा पुठ्ठ्याकडे लक्ष द्या.

आता साज. छातीवरचा पट्टा श्वासनलिकेच्या खाली आणि खांद्याच्या टोकाच्या वर बसायला हवा. तो वर सरकला तर ओढताना गळा दाबतो, खाली उतरला तर खांदा मोकळा हलत नाही. मांडीमागून जाणारा आडवा पट्टा गाडी मागून रेटू नये यासाठी असतो. उद्यानात उतार बरेच आहेत आणि उतारावर सगळं वजन याच पट्ट्यावर येतं. तो लोंबकळत असेल तर उतारावर गाडी घोड्याच्या अंगावर जाते, फार घट्ट असेल तर प्रत्येक पावलाला मांडी घासते. घोडा गाडी ओढताना त्यात मूठभर जागा असावी. पाठीवरची गादी दोन्ही बाजूंना टेकलेली असावी, कण्यावर नाही. झापडं पापण्यांना लागू नयेत. पट्ट्यांच्या कडेला केस गेलेले, त्वचा गुलाबी किंवा जखम दिसली तर पुढे चला.

शेवटी खूर आणि नाल. नाल सैल असेल तर चालताना खणखणण्याबरोबर एक वेगळा टकटक आवाज येतो. डांबर गुळगुळीत आणि ओलं असताना घोडा घसरू नये म्हणून नालेला टणक धातूच्या टिकल्या किंवा रबर लावलेलं असतं. पावसाच्या दिवशी हे विचारा.

सगळं ठीक दिसलं की गाडीवानाकडे पाहा. तो घोड्याजवळ आहे की रांगेच्या दुसऱ्या टोकाला गप्पा मारतोय? घोड्याचं नाव आणि वय विचारा, तो किती वर्षं काम करतोय तेही विचारा. जो माणूस आपल्या घोड्याबद्दल लगेच आणि आवडीने बोलतो, त्याच्या गाडीत बसणं बहुधा बरोबर ठरतं. पाण्याची बादली आहे का, थंडीत घोड्याच्या पाठीवर घोंगडं आहे का, तेही दिसतंच.

वीस मिनिटं की पन्नास: रस्त्याचा अंदाज

घोडा चालीत ताशी साधारण सहा किलोमीटर जातो, दुडकीत बारा. वळणं, चढ आणि माणसांमुळे उद्यानात सरासरी सहा ते आठ पडते. वीस मिनिटांत दोन-अडीच किलोमीटर होतात. उद्यानाचा पूर्ण वेढा ६.१ मैलांचा, म्हणजे जवळपास दहा किलोमीटरचा आहे. त्याला तासाहून बराच जास्त वेळ लागेल. "वीस मिनिटांत सगळं पार्क" असं कुणी सांगितलं तर ते शक्य नाही, एवढं लक्षात ठेवा.

वीस मिनिटांची फेरी दक्षिण टोकातच फिरते. वोलमन रिंक, १९०८ मध्ये कोरलेला लाकडी घोड्यांचा कॅरोसेल, हेक्शरची मैदानं आणि झाडांवरून दिसणाऱ्या ५९व्या रस्त्यावरच्या इमारती यांतच ती संपते. लहान मुलं असतील किंवा थंडी असेल तर एवढी पुरते.

आमची पसंती ४० ते ५० मिनिटांच्या फेरीला आहे, कारण त्यात गाडी ७२व्या रस्त्यापर्यंत जाते. वरच्या टोकाला चेरी हिल लागते. तिथलं कारंजं मुळात घोड्यांना पाणी पिण्यासाठीच बांधलं होतं आणि गाड्या वळवायला तिथे गोल जागा आहे. उतरून फोटो काढायला ही सगळ्यात चांगली जागा. खाली तलाव आणि बो ब्रिज दिसतो. तो १८६२ चा बिडाचा पूल फक्त पादचाऱ्यांसाठी आहे, गाडी तिथे जात नाही. बेथेस्डाचं कारंजंही वरूनच दिसतं, खाली जायला पायऱ्या आहेत. परतीच्या वाटेवर जॉन लेननच्या स्मरणार्थ केलेलं स्ट्रॉबेरी फील्ड्स आणि झाडांमागची, लेनन राहायचा ती डकोटा इमारत, मग शीप मेडो. तिथे १९३४ पर्यंत खरोखरच मेंढ्या चरायच्या आणि त्यांचा वाडा म्हणजे आजचं टॅव्हर्न ऑन द ग्रीन.

फोटोसाठी एकच थांबा ठरवा आणि त्याला पाच ते सात मिनिटं द्या. तीन ठिकाणी उतरलात तर चाळिसातली वीस मिनिटं चढण्या-उतरण्यातच जातात.

ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी १८५८ मध्ये या उद्यानाची आखणी करताना शहराची आडवी रहदारी जमिनीच्या पातळीखालून जाणाऱ्या चार रस्त्यांमध्ये टाकली आणि गाडी, घोडेस्वार व पादचारी यांच्या वाटा वेगळ्या ठेवल्या. २०१८ पासून आतल्या रस्त्यांवर मोटारीही बंद आहेत. म्हणून उद्यानाच्या आतली फेरी घोड्याला सोसते. टाइम्स स्क्वेअरच्या दिव्यांमधून रात्रीची फेरी कुणी सुचवली तर नाही म्हणा. हॉर्न, सायरन आणि बसचे झोत यांत घोडा बिथरण्याची शक्यता कितीतरी वाढते. आतमध्ये लक्ष ठेवायचं ते वेगाने येणाऱ्या विजेच्या सायकलींकडे. उतरताना आधी मागे पाहा.

चढणं आणि बसणं

गाडीला उतार-फळी नसते. पायऱ्या दोन, पहिली गुडघ्याच्या जवळ येईल इतकी उंच आणि अरुंद. गुडघेदुखी असलेल्यांनी आधी रिकाम्या गाडीची पायरी डोळ्यांनी मोजून घ्यावी. चाकाची खुर्ची घडीची असेल तर ती खाली थांबणाऱ्या कुणाकडे तरी द्या. बाबागाडीचंही तेच.

गाडीवान लगाम हातात घेऊन "चला" म्हणेपर्यंत पाय ठेवू नका. गाडीकडे तोंड करून, बाजूच्या दांड्याला धरून चढा. चाकाला किंवा चाकावरच्या पत्र्याला धरू नका, घोडा एक पाऊल जरी हलला तरी हात अडकतो. साडी असेल तर निऱ्या एका हातात उचलून घ्या आणि पदर कमरेला खोचा. ओढणी, मफलर, पर्सचा लांब पट्टा हे सगळं आत, मांडीवर. चाकात गुंतलेलं कापड हा या फेरीतला सगळ्यात टाळता येण्यासारखा अपघात आहे.

वजनदार मंडळींनी मागच्या, पुढे तोंड असलेल्या आसनावर बसावं आणि हलक्यांनी समोर. तान्ह्या बाळाला कापडी पट्ट्याने छातीशी बांधून घ्या. मोठ्या मुलांना मधे बसवा, कडेला नाही. चालत्या गाडीत कुणीही उभं राहायचं नाही, फोटोसाठीसुद्धा.

घोड्याजवळ या गोष्टी नकोत: फटकन उघडणारी छत्री, फुगे, फडफडणारी प्लास्टिकची पिशवी, अंगावर पुढे येणारी सेल्फीची काठी. घोडा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. अंगाशी अचानक काही हललं की तो आधी उधळतो. पाऊस असेल तर छत्री मिटून टप वर करायला सांगा.

घोड्याला हात लावायचा तर गाडीवानाला विचारून, मानेवर किंवा खांद्यावर. तोंडावर थेट हात नेऊ नका. काही खाऊ घालू नका. तोंडात लगामाची कडी असताना घास नीट चावला जात नाही आणि घशात अडकू शकतो. गाडीवानाने परवानगी दिलीच, तर गाजराचा तुकडा उघड्या, सपाट तळहातावर ठेवून द्या.

हिवाळ्यात चालत्या उघड्या गाडीत वारा अंगाला भिडतो. गाडीवान मांडीवर पांघरूण देतो, तरी कानटोपी, हातमोजे आणि पायात जाड मोजे हवेतच. डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. उजेडातले फोटो हवे असतील तर तीनच्या आत बसा. दम्याचा किंवा प्राण्यांच्या केसांचा त्रास असेल तर इनहेलर पिशवीत नको, खिशात हवा.

फेरीत काही खटकलं तर

घोडा अडखळला, धापा टाकू लागला किंवा गाडीवान चाबूक सारखा मारू लागला तर थांबायला सांगा आणि तिथेच उतरा. झालेल्या वेळेचे पैसे द्या. चाबूक घोड्याच्या अंगावर नुसता टेकवून इशारा देणं वेगळं. तो फरक डोळ्यांना लगेच कळतो.

घोडा बिथरलाच तर उडी मारू नका. खाली बसून दांडा धरा आणि ओरडू नका. गाडीवानाचा आवाजच त्या वेळी घोड्याला ऐकू यायला हवा.

तक्रारीसाठी शहराचा ३११ हा क्रमांक आहे. गाडीच्या मागच्या पाटीवरचा क्रमांक, वेळ आणि जागा टिपून ठेवा. बसण्याआधीच त्या पाटीचा फोटो काढून ठेवलात तर तक्रारीलाही उपयोगी पडतो, गाडीत काही विसरलं तर शोधायलाही.

उतरताना गाडी पूर्ण थांबू द्या, मग चढलात तसंच गाडीकडे तोंड करून पाठमोरे उतरा. आजी-आजोबांच्या आधी एकाने खाली उभं राहावं. ठरलेली रक्कम आणि बक्षिसी वेगवेगळी मोजून द्या, पावती मागा. नंतर घोड्याला दहा-पंधरा मिनिटं उभं राहू देणारा गाडीवान दिसला, तर पुढच्या वेळी येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्याच्या गाडीचा क्रमांक लिहून ठेवा.